गाठ मारलेली काळी पिशवी

घंटागाडी आमच्या गावात आली त्या दिवशी तिला हार घातला, नारळ फोडला, सरपंचांनी हँडल धरून फोटो काढून घेतला, आणि मग ती ग्रामपंचायतीच्या मागच्या पत्र्याखाली उभी राहिली ती उभीच राहिली. बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी, मागं कचऱ्यासाठी दोन कप्पे, एक हिरवा आणि एक निळा. गाडी झकास होती, फक्त चालवायला कोणी नव्हतं. पहिला ड्रायव्हर चार दिवस आला आणि कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम लागलं म्हणून गेला. दुसऱ्याला घरच्यांनीच अडवलं. कचऱ्याच्या गाडीवर बसलास तर पोरगी कोण देणार, असा त्यांचा सवाल होता. पाऊस संपला, थंडी पडली, तोवर शेजारच्या घरातली कोंबडी हिरव्या कप्प्यात अंडी घालायला लागली होती.

मी तेव्हा ब्लाऊज शिवत होते. आमचं घर गल्लीच्या अगदी शेवटी, त्यापुढं ओढा. पूर्वी आमच्याकडं घरातून बाहेर पडायचं ते काय, तर राख, शेण, भाजीची देठं. सगळं उकिरड्यात जायचं आणि उकिरडा शेतात. आता पुड्या आल्या, बाटल्या आल्या, लेकरांचे डायपर आले, लग्नातल्या थर्माकोलच्या पत्रावळ्या आल्या. हे सगळं गाव ओढ्याच्या काठावर आणून टाकायचं आणि ढीग वाढला की कोणीतरी काडी लावायचं. तो धूर सरळ माझ्या शिलाई मशीनवर यायचा. एकदा लांबून आलेल्या एका गिऱ्हाईक बाईनं नवाकोरा ब्लाऊज नाकाला लावला आणि म्हणाली, "ताई, शिवलायसा झ्याक, पण ह्येला टायरचा वास मारतोय की."

त्याच आठवड्यात ग्रामसभा होती. मी गेले. बायका एका कडेला बसतात, तिथून उठून विचारलं, "त्या धुराचं काय करणार हायसा?"

सरपंच म्हणाले, "गाडी आणलीया की. डायवर मिळंना."

"मग मी चालवतो की!"

आमच्याकडं बायकाही बोलताना 'मी येतो', 'मी जातो' असंच म्हणतात. ग्रामसेवक होते लांबच्या जिल्ह्यातले, मान खाली घालून वहीत लिहीत होते. त्यांनी 'चालवतो' एवढंच ऐकलं आणि न बघताच म्हणाले, "या दादा, पुढं या, नाव सांगा." सभा हसून हसून बेजार झाली. मी पण हसले. पण पुढं गेले, आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं. आमच्या गावात बोललेलं सगळे विसरतात, वहीत लिहिलेलं मात्र अंगावर येतं.

घरी सांगायची धास्ती होती. माझे यजमान कारखान्यात शिफ्टला जातात, ते "बघ बाई, झेपलं तर कर" एवढंच म्हणाले. खरी भीती सासूबाईंची. त्यांना मी आत्ती म्हणते. आत्तींचा आवाज असा की त्या परसात बोलल्या तर ओढ्यापलीकडची म्हैस मान वर करते. त्या तांदूळ निवडत होत्या. सुपातली मान वर न काढता म्हणाल्या, "चाळीस वर्सं दोन म्हशींचं शेण काढलं मी. कचऱ्याला काय भितीस? फकस्त पदर नीट खोव, चाकात जाईल."

यजमानांनी रविवारी शाळेच्या मैदानावर गाडी शिकवली. मी एकदा खो-खोच्या खांबाला धडकले, खांब वाकडा झाला, गाडीला काही झालं नाही. सोमवारी कोंबडीला दुसरीकडं हलवलं आणि मी निघाले.

गाडीवर भोंगा होता आणि भोंग्यात सरपंचांचं रेकॉर्ड केलेलं भाषण. भाषण करताना त्यांना पडसं झालं होतं. "माझ्या तमाम ग्रामस्थ बंधू, भगिनी आणि मातांनो" इथून ते सुरू व्हायचं आणि 'कचरा' हा शब्द येईपर्यंत माझी तीन घरं मागं पडलेली असायची. लोकांना वाटायचं, निवडणूक लागली. चौथ्या दिवशी मी आत्तींना म्हटलं, तुम्हीच बोला काहीतरी, मोबाईलवर घेते. त्या चुलीपुढं होत्या, तशाच बोलल्या. मधे कुकरची एक शिट्टी पण आली.

"ए, या गं भाईर! गाडी आली. ओलं हिरव्यात टाका, सुकं निळ्यात. मिसळून आणलासा तर माघारी न्या. परत सांगणार न्हाय!"

आणि लगेच पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू, कारण रेकॉर्ड फिरत राहायचं. दर अर्ध्या मिनिटाला आत्ती गावाला शेवटचं बजावत होत्या. लोकांना एवढी मजा वाटली की बायका कचरा नसला तरी दारात येऊन उभ्या राहायच्या.

आता दोन बादल्यांचं. ग्रामपंचायतीनं घरटी दोन बादल्या वाटल्या होत्या, पण त्या कचऱ्याला कोण वापरणार? इतक्या चांगल्या, झाकणाच्या बादल्या! कुणाच्या हिरवीत तांदूळ, कुणाच्या निळीत म्हशीचा भरडा. एका घरात तर बाळाला त्यात अंघोळ घालायचे. दुसऱ्याला काय बोलायचं, आमच्याच निळ्या बादलीत आत्तींनी भुईमुगाच्या शेंगा भरून ठेवल्या होत्या. त्या रिकाम्या करायला मला दोन दिवस भांडावं लागलं.

हळूहळू जमत गेलं. जैन गल्लीत एक काकू आहेत, त्यांचा सुका कचरा बघून मला स्वतःची लाज वाटायची. दुधाच्या पिशव्या धुतलेल्या, वाळवलेल्या, घडी घातलेल्या, आणि पिशवीचा कापलेला कोपरा पण तोडून न टाकता पिशवीलाच ठेवलेला. मी विचारलं तर म्हणाल्या, "तो एवढासा तुकडा कुठं शोधत बसणार गं तू?" माझा कोणी एवढा विचार केलेला मला आठवत नव्हता.

महिनाभरात मला घराघरातलं कळायला लागलं. पौर्णिमेनंतर पेढ्यांची खोकी आली की कोण वाडीला दत्ताला जाऊन आलं ते कळायचं. कुणाकडं पाहुणे आलेत, कुणाचा उपास फक्त बाहेर सांगण्यापुरता आहे, कोण गोळ्या घेतंय आणि घरच्यांनाही सांगत नाही. एका घरातून औषधाच्या बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून यायच्या. मी मनाशी ठरवलं होतं, बघितलेलं कुणाला सांगायचं नाही. शिंप्याला मापं आणि कचरेवालीला पिशव्या, दोन्ही पोटात ठेवायच्या गोष्टी.

वरच्या गल्लीत गुरुजी राहत होते. आमच्या शाळेचे हेडमास्तर होते ते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चौथीत मी त्यांच्या वर्गात होते. अजून त्यांच्यासमोर उभं राहिलं की माझे हात आपोआप मागं जातात. आदल्या वर्षी बाई गेल्या, म्हणजे त्यांच्या पत्नी. मुलगा पुण्यात, तो न्यायला आला होता, पण गुरुजी गेले नाहीत. पांढरा सदरा, इस्त्रीचं धोतर, आणि हातात काळी पिशवी. पिशवीला गाठ अशी घट्ट, एकावर एक तीन, की सोडवायला दात लागावेत. मी हात पुढं केला तरी देत नसत. स्वतः येऊन गाडीत टाकत आणि पिशवी पडली तिकडं बघत उभे राहत, मी पुढं जाईपर्यंत. पहिले काही दिवस मी काही बोलले नाही. गुरुजींना कोण बोलणार?

मग ग्रामपंचायतीत ठराव झाला. मिसळलेला कचरा घ्यायचा नाही, कुणाचाही नाही. दुसऱ्याच दिवशी वरच्या गल्लीत गाडी थांबली आणि गुरुजी पिशवी घेऊन आले.

मी म्हटलं, "गुरुजी, ह्यात ओला हाय का सुका?"

"कचरा आहे."

"व्हय, पण ओला का..."

"कचरा म्हणजे कचरा. त्याचे प्रकार मला शिकवू नकोस."

आजूबाजूच्या दारांत बायका उभ्या. सगळ्यांच्या हातात दोन दोन बादल्या. त्यांचं लक्ष माझ्याकडं. जरा आधीच मी त्यातल्या एकीची बादली माघारी पाठवली होती. "मग घेता येत न्हाय, गुरुजी," मी म्हटलं, आणि नेमकं त्याच वेळी वरून आत्ती गरजल्या, "मिसळून आणलासा तर माघारी न्या. परत सांगणार न्हाय!"

गुरुजींनी भोंग्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पिशवी फाटकाशी ठेवली, आत गेले आणि दार लावून घेतलं. बायका म्हणाल्या, "बरं केलंस! नेम म्हंजे नेम." मी गाडी पुढं काढली. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी जरा मोठं झाल्यासारखं वाटलं होतं. चौथीतल्या सगळ्या छड्यांचा हिशेब फिटल्यासारखा.

गाडी रिकामी करून परत येताना अकरा वाजले असतील. वरच्या गल्लीच्या तोंडाशी माणसं जमलेली दिसली. कुत्र्यांनी पिशवी फाडली होती. गुरुजींच्या फाटकापासून अर्ध्या रस्त्यापर्यंत सगळं पसरलं होतं. भाकऱ्या होत्या, एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं कच्चं पीठ. भाताचे गोळे. करपलेली डाळ भांड्याच्या बुडातून खरवडलेली, तिचे काळे पापुद्रे. बाकी बिस्किटांचे पुडे, खारीच्या पिशव्या, फरसाणाचे कागद. भाजीचं एक देठ नव्हतं त्यात, कांद्याचं एक साल नव्हतं. एक अर्धवट जळलेलं फडकं होतं, तवा धरायला घेतलं असणार.

एक बाई म्हणाली, "गुरुजींच्या भाकऱ्या बगा की! घरावर कवलं म्हणून घालाय हुतील."

दोघीतिघी हसल्या. गुरुजींचं दार बंदच होतं, पण खिडकीचा पडदा जरासा हलला.

तेव्हा मला ती गाठ कळली. एवढी घट्ट, एकावर एक तीन. सगळ्या गावाच्या घरातलं मला पिशवीवरून ओळखता येत होतं, आणि जी एकच पिशवी कधी उघडी आली नाही, तिच्याबद्दल मला कधी प्रश्नही पडला नव्हता.

मी गाडीतून झाडू आणि पाटी काढली. "जावा की घरला," मी म्हटलं. "शिनेमा लागलाय व्हय हितं?" माझ्यापेक्षा वयानं मोठ्या बायकांना मी असं कधी बोलले नव्हते. त्या गेल्या. मी खाली बसून एकेक उचललं, भाकरी हिरव्यात, पुडे निळ्यात. झाडून झाल्यावर फाटकाशी थोडा वेळ थांबले. दार वाजवायचं धाडस झालं नाही.

घरी आले, ताट वाढून घेतलं, पण घास जाईना. आत्तींनी दोनदा विचारलं. शेवटी मी माझा नियम मोडला आणि सगळं सांगितलं. त्या शेंगा फोडत होत्या, हात थांबला.

"म्हंजे बाई गेल्यापास्नं ह्ये असंच?"

"असंच असणार."

"आन कुणाला बोलला न्हाय?"

"न्हाय."

मी म्हटलं, आपण रोज डबा देऊया का. आत्तींनी मला वेड्यात काढलं. "डबा घील व्हय त्यो? मास्तर हाय त्यो. दिलेलं घेणार न्हाय. शिकीवतो म्हटलं तर घील."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. पायात चप्पल, कमरेला पदर खोचलेला, मांडीवर ज्वारीच्या पिठाचा डबा. रस्त्यात लोक चक्रावले, कारण आत्ती तोंड मिटून बसल्या होत्या आणि त्यांचाच आवाज वरून येत होता. वरच्या गल्लीत मी भोंगा बंद केला. आत्ती उतरल्या आणि सरळ जाऊन दार वाजवलं. मी मागं उभी, हात मागं.

गुरुजींनी दार उघडलं. दाढी केलेली नव्हती. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"गुरुजी," आत्ती म्हणाल्या, "तुमी माझ्या पोराला पाडे शिकिवलासा. आता मी तुमास्नी भाकरी शिकिवतो. परात कुटं हाय?"

"अहो, मी करतो माझं माझं..."

"कसं करतासा ती काल गावानं बगितलं."

मला वाटलं, आता दार तोंडावर आपटणार. आत्तींना असं बोलायची गरज नव्हती, पण त्यांना दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं बोलताच येत नाही. गुरुजींनी पिठाच्या डब्याकडं बघितलं. मग मान हलवली, आत गेले आणि परात घेऊन आले. धुतलेली, लख्ख, बाई असतानासारखी.

"पीठ किती घ्यायचं?" त्यांनी विचारलं.

"हाताला कळतंय की."

"हाताला कळतं म्हणजे काय? वाटीनं सांगा."

"वाटी कशाला? एवडं," आत्तींनी मूठ दाखवली.

"तुमची मूठ आणि माझी मूठ सारखी नाही."

मी गाडी घेऊन फेरीला गेले. तासाभरानं परत आले तर भांडण अजून चालूच होतं, फक्त आता ते पाणी किती गरम यावर आलं होतं. गुरुजींनी एक वही काढली होती आणि त्यात सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'पाणी कढत. पीठ ताजे. मळताना घाई नको.' त्यांची पहिली भाकरी तीन ठिकाणी फाटली होती आणि तिला चार कोपरे होते. आत्तींनी ती उचलून बघितली. "कवलापेक्षा बरी हाय," म्हणाल्या. गुरुजी हसले. हसताना त्यांचा एक दात सोन्याचा आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

मग तो रोजचाच परिपाठ झाला. जाताना आत्तींना तिथं सोडायचं, येताना घ्यायचं. भाकरीनंतर आमटी, मग पिठलं, मग वांगी. आठवडा बाजारातून गुरुजी पहिल्यांदा पालेभाजी घेऊन आले तर जुडी उलटी धरून, माती झटकत आले. आत्ती घरी येऊन रोजचा अहवाल द्यायच्या. "त्यो मीठ इसरतोय. डोकं हाय, पण मीठ इसरतोय."

एका सकाळी गुरुजी फाटकात उभे होते, दोन्ही हातांत दोन बादल्या. हिरव्या बादलीत कांद्याची सालं. मी कौतुकानं बघतेय तोवर त्यांनी विचारलं, "हे ओल्यात ना?"

"व्हय, गुरुजी."

"कांद्याचं साल वाळकं असतं. ते ओलं कसं?"

मी एक साल हातात घेऊन बघितलं.

"आणि दुधाची पिशवी आतून ओली असते. ती सुक्यात कशी?"

"गुरुजी, जे कुजतंय ती ओलं. कुजत न्हाय ती सुकं."

"मग तसं म्हणा की! नावच चुकीचं दिलंय तुम्ही लोकांनी, आणि पोरं नापास झाली म्हणून ओरडताय."

खरंच होतं. इतके दिवस मी वाळका पाला कुठं टाकायचा, अंड्याचं टरफल कुठं, भिजलेला पुठ्ठा कुठं, हे दारोदार सांगत फिरत होते आणि बायका गोंधळत होत्या. आम्ही त्यांना आळशी समजत होतो. गुरुजींनी ग्रामसेवकांना गाठलं, रंगाचा डबा मागून घेतला, आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर स्वतः शिडीवर चढून लिहिलं, 'कुजणारे हिरव्यात, न कुजणारे निळ्यात.' शिडी मी धरली होती. अक्षर असं की लोक थांबून वाचायला लागले. आत्तींनी पुन्हा रेकॉर्ड करून दिलं. ह्या वेळी कुकर नव्हता, पण म्हैस ओरडली.

मिसळलेला कचरा बराच कमी झाला. संपला म्हणणार नाही. अजून दोन घरं आहेत जी माझ्याशी डाव खेळतात, वर भाजीची देठं आणि खाली डायपर. पण शाळेमागच्या खड्ड्यात खत चांगलं होऊ लागलं, निळ्या कप्प्यातला माल महिन्यातून एकदा भंगारवाला नेतो, आणि ओढ्याकाठी कोणी काडी लावत नाही.

गुरुजींशी बोलायचं माझं राहून गेलं होतं. भिंतीवर लिहून झाल्यावर, शिडी खाली घेताना मी म्हटलं, "गुरुजी, त्या दिवशी चुकलं माझं."

त्यांनी ब्रश पुसत पुसत विचार केला. "नियम बरोबर होता तुझा. पण आत येऊन विचारायचं होतंस." मग म्हणाले, "मीही सांगायला हवं होतं. वर्गात पोरं शंका विचारायला लाजायची तर मी त्यांना उभं करायचो. आणि स्वतःची वेळ आली तर पिशवीला गाठी मारत बसलो." एवढं बोलून ते रंगाचा डबा घेऊन निघून गेले. आमच्यात पुन्हा त्याचा विषय निघाला नाही.

मे महिन्यात त्यांचा मुलगा आला. त्यानं बाहेरून जेवण मागवायचं ठरवलं होतं. गुरुजींनी त्याच्यापुढं पिठलं, भाकरी आणि ठेचा ठेवला. आत्ती मुद्दाम त्या वेळी काहीतरी मागायच्या निमित्तानं गेल्या होत्या. घरी येऊन मला सांगितलं, "चार खाल्ला त्यो. बोलला काय न्हाय. डोळं पुसत हुता, पण ती ठेच्यानं का कशानं, काय कळलं न्हाय."

पुढं पावसाळा आला आणि एका जोरदार पावसानंतर ओढ्याला पाणी वर आलं. पाणी उतरलं तेव्हा आमच्या दारासमोरच्या बाभळीवर, कुंपणावर, सगळीकडं पिशव्याच पिशव्या लटकलेल्या. मी रडायच्या बेतात होते. आत्तींनी एक पिशवी काठीनं काढली आणि वाचायला गुरुजींकडं नेली. त्यावर ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावातल्या किराणा दुकानाचं नाव होतं. दुसरीवर पण तेच, तिसरीवर त्याच गावच्या कापड दुकानाचं.

"आपला न्हवंच ह्यो," आत्ती म्हणाल्या. "पावणा हाय."

मग आम्ही तिघं गाडी स्वच्छ धुऊन वरच्या गावाला गेलो. सरपंच बाई होत्या तिथं, नवीन निवडून आलेल्या. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. मी शब्द जुळवत होते, तोवर आत्ती म्हणाल्या, "पावणं, तुमच्या गावचा कचरा आमच्याकडं मुक्कामाला आलाय. त्येला न्यायला कवा येतासा?"

सरपंचबाईंच्या शेजारचे एक सदस्य तापले. "आमचाच कशावरनं?" गुरुजींनी पिशवीतून धुऊन वाळवलेल्या पिशव्या काढल्या आणि टेबलावर दुकानांप्रमाणे लावून ठेवल्या. सदस्यांचं स्वतःचं कापड दुकान होतं. त्यांनी आपल्याच दुकानाची पिशवी उचलून बघितली आणि मग सगळेच हसायला लागले, ते पण.

त्या दिवशी काही ठरलं नाही. त्यांच्याकडं पण गाडी होती म्हणे, आणि ती पण पत्र्याखाली उभी होती. पण पुढच्या बुधवारी सकाळी एसटीतून दोन बायका उतरल्या आणि माझं घर विचारत आल्या. सरपंचबाईंनी पाठवल्या होत्या, गाडी शिकायला. एक तरणी होती, ती लगेच हँडलला हात लावून बघायला लागली. दुसरी माझ्या वयाची, गाडीपासून दोन हात लांब उभी.

"मला सायकल बी येत न्हाय," ती म्हणाली.

"मला तरी कुटं येतीया?" मी म्हटलं. "बसा. ब्रेक उजव्या पायाखाली हाय. आन खांब दिसला की आधीच दाबायचा."